एका सत्राचे बर्लिन : मराठवाड्यातून गेलेल्यांचे अनुभव

मराठवाड्यातून विद्यार्थी-विनिमय योजनेत परदेशी जाणारी मुले अजून मोजकीच आहेत, आणि आधी कोण जाऊन आले याचा पत्ताच लागत नसल्यामुळे त्यांतल्या बहुतेकांना सगळी वाट एकट्यानेच काढावी लागते. मी २०२२ च्या हिवाळी सत्रासाठी छत्रपती संभाजीनगरहून बर्लिनला गेले, तेव्हा व्हिसाच्या कागदपत्रांची यादी अनेकांनी दिली, परंतु तिथे घर कसे मिळते, रविवारी खायचे काय आणि दुपारी चारला अंधार पडू लागल्यावर मनाचे काय करायचे, हे सांगणारे कोणी भेटले नाही. पुढे जाणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये, म्हणून बर्लिनमध्ये एखादे सत्र काढलेल्या आपल्या भागातल्या सर्वांना मी लिहिण्याची विनंती केली. ज्यांनी लिहिले त्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत देत आहे. नावे मुद्दाम वगळली आहेत.

पालकांसाठी एक खुलासा आधी करते. विनिमयात पदवी आपल्याच विद्यापीठाची असते आणि शिक्षणशुल्कही इथेच भरायचे असते. तिकडच्या विद्यापीठात केवळ सत्रवर्गणी द्यावी लागते. पूर्ण सत्राची ३० क्रेडिट धरली जातात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. तो बहुतांशी वर्गाबाहेर, स्वतःचा स्वतः करायचा असतो.

माझी सुरुवात सांगते. मी शनिवारी रात्री पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडले, तर सगळी दुकाने बंद होती. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात. मोठ्या रेल्वेस्थानकांतली काही तेवढी उघडी असतात, हे मला आठवड्यानंतर कळले. त्या दिवशी आईने बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांवर निभावले. सोमवारी दहाच्या तासाला पावणेदहाला जाऊन बसले, तर सभागृहात चिटपाखरू नव्हते. तिथे वेळापत्रकात दहा लिहिले असले तरी तास सव्वादहाला सुरू होतो. ठोक दहालाच सुरू व्हायचा असेल तर तसे वेगळे लिहिलेले असते. तास संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले होते. आज मला त्या शहरातला सर्वांत जास्त तोच आठवतो.

लातूर, उन्हाळी सत्र २०२३

मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे आणि पाणी हाच माझा विषय आहे. तो मी निवडला असे म्हणण्यापेक्षा तो माझ्या वाट्याला आला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा मी नववीत होते. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले, आणि ते पाहायला माणसांची रीघ लागली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी अंघोळीचे पाणी परातीत धरून त्यानेच फरशी पुसली जाई.

बर्लिनला पोहोचल्यावर खोलीतल्या मुलीने सांगितले, की पिण्याचे पाणी विकत आणू नकोस, नळाचे पी. मी रात्री आजीला हे फोनवर सांगितले. आजीने विचारले, “किती दिवसाला येतंय नळाला?” मी म्हटले, “चोवीस तास.” ती बराच वेळ काही बोललीच नाही.

नंतर वर्गात शिकले, की हे शहर आपले पिण्याचे पाणी आपल्याच जमिनीखालून उपसते. श्प्रे आणि हाफेल या नद्या आणि त्यांना जोडलेले तलाव यांच्या काठांजवळ विहिरी आहेत, आणि नदीचे पाणी वाळूच्या थरांतून सावकाश झिरपत, गाळून निघत त्यांच्यात येते. आमच्याकडे खाली काळा पाषाण आहे, वाळू नाही, त्यामुळे ही रीत उचलून लातुरात आणता येणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळले. पण नदीचा काठ स्वच्छ ठेवणे हा तिथे पाणीपुरवठ्याचाच भाग मानला जातो, आणि मांजरेच्या काठावर उभे राहिले की ती गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तिकडचे पाणी जड असते. किटलीत पांढरा थर साचतो. त्याने काही होत नाही, व्हिनेगर घालून उकळले की तो निघतो.

आणखी एक गोष्ट लिहिते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की ती मिळते. बाटल्या गोळा करून त्यावर गुजराण करणारी वृद्ध माणसे तिथे दिसतात. म्हणून अनेक लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या बाजूला उभी ठेवतात, म्हणजे कोणाला कचऱ्यात हात घालावा लागू नये. मीही तसेच करू लागले.

बीड, हिवाळी सत्र २०२३

मला फक्त घराविषयी लिहायचे आहे, कारण माझे निम्मे सत्र त्यातच गेले. व्हिसासाठी बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरलेली रक्कमच काढता येते अशा खात्यात, महिन्याला ९३४ युरो या हिशेबाने रक्कम दाखवावी लागली. पुढे तो आकडा ९९२ झाला. वडिलांनी त्यासाठी सोयाबीन भाव येण्याची वाट न पाहता विकले. ते पैसे जपून वापरायचे म्हणून मी स्वस्तातली खोली घेतली, आणि घरमालकाने आल्यावर सांगितले, की नोंदणीसाठी लागणारे पत्र मिळणार नाही.

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून १४ दिवसांत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. नोंद नसेल तर राहण्याच्या परवान्याची मुदतवाढ अडते, आणि माझा व्हिसा तीनच महिन्यांचा होता. सात आठवडे मी रोज सकाळी उठून विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत आपला क्रमांक पाहत असे. घरी मात्र सगळे ठीक आहे असेच सांगत होतो, आणि ते मी करायला नको होते, असे आज वाटते. शेवटी वसतिगृहात खोली मिळाली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, की खोली ठरवण्याआधी पहिला प्रश्न भाड्याचा नव्हे, नोंदणीच्या पत्राचा विचारा. वसतिगृहासाठी अर्ज प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी करा. आणि मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असे कोणी लिहिले तर एक पैसाही पाठवू नका. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे पैसे असेच गेले.

हिंगोली, उन्हाळी सत्र २०१९

तिथल्या भुयारी रेल्वेस्थानकांवर तिकीट तपासणारे फाटक नसते, म्हणून तिकिटाचे महत्त्व कमी समजू नये. साध्या कपड्यातले तपासनीस डब्यात येतात आणि दंड ६० युरो आहे. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घेतल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत. सत्रवर्गणीत प्रवासपास येतो, पण सत्र सुरू होण्याआधी पोहोचणाऱ्यांनी ही काळजी घ्यावी.

छत्रपती संभाजीनगर, शहागंज, उन्हाळी सत्र २०२३

मी मार्चच्या शेवटी पोहोचलो तेव्हा रमजान सुरू होता. पहिल्यांदाच घराबाहेर रोजे ठेवत होतो, आणि एप्रिलच्या मध्यावर तिथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो. मला नॉयकोल्नमध्ये खोली मिळाली होती. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगार-भरतीचा करार केला, आणि त्या काळापासून आलेल्या माणसांची तिसरी-चौथी पिढी आता या भागात दुकाने चालवते. कालव्याच्या काठावर माइबाखऊफर येथे मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तिथे कोथिंबीर जुडीने मिळते, भेंडी मिळते, हिरव्या मिरच्या मिळतात, आणि संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाव आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच उतरतो.

माझे जर्मन तेव्हा अगदी जुजबी होते आणि तुर्की तर येतच नव्हते. पण भाजीवाल्या चाचांनी साबणाला ‘साबुन’ म्हटले आणि माझे कान उभे राहिले. मग आम्ही दोघे मिळून शब्द शोधत बसलो : दुकान, मैदान, दुनिया, हवा, खबर, किताब. उच्चार थोडे निराळे होते, शब्द तेच होते. घरी आम्ही दखनी बोलतो आणि शाळेत मी मराठीत शिकलो. हे शब्द आपल्याकडे कोणत्या वाटांनी आले, याचा विचार मी त्या बाजारात पहिल्यांदा केला. चाचांनीच मला टेंपलहोफच्या मैदानालगतच्या शेहितलिक मशिदीचा रस्ता दाखवला. तिथल्या इफ्तारीत पहिल्या दिवशी शेजारी बसलेल्या आजोबांनी काही न विचारता माझ्या ताटात आपली एक खजूर ठेवली. अम्मीला ते सांगितले, तेव्हा परदेशात मुलगा उपाशी राहील ही तिची काळजी मिटली.

परभणी, उन्हाळी सत्र २०१८

मी कृषी शाखेचा. हुंबोल्ट विद्यापीठात शेती आणि बागायतीचे शिक्षण देणारी संस्था शेतीशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट थेअर यांच्या नावाने आहे. माझा बराचसा मोकळा वेळ टेंपलहोफच्या मैदानावर गेला. हा एके काळचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांना खुला झाला. २०१४ मध्ये तिथे कडेने इमारती बांधाव्यात की नाही यावर नागरिकांचे मतदान झाले आणि लोकांनी मैदान मोकळेच ठेवायचे ठरवले. ३०० हेक्टरांहून मोठी जागा, भर शहरात, आणि तीही लोकांनी मत देऊन राखलेली!

मैदानाच्या एका बाजूला सामूहिक बाग आहे. जमिनीत न खणता लाकडी खोक्यांत माती भरून भाजी लावतात. मी तिथल्या मंडळींना मेथी लावून दिली. त्या भागातली मूळ माती रेताड आहे. आमच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ती हातात घेतल्यावर हातात काही आहे असे वाटत नाही. ज्वारीचे पीठ एका आशियाई दुकानात मिळाले, परंतु ते जुने होते आणि भाकरी थापताना काठ फाटत गेले. ‘परभणी मोती’चे दोन किलो ताजे पीठ सोबत न्यायला हवे होते.

नांदेड, हिवाळी सत्र २०२१

डिसेंबरात तिथे सकाळी सव्वाआठला उजाडते आणि दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. ढगांमुळे तो मधल्या वेळातही दिसेलच असे नाही. ही माहिती मी वाचून गेले होते. तिसऱ्या आठवड्यात मात्र मला सकाळी उठावेसे वाटेना, तास बुडू लागले, आणि आपण आळशी झालो आहोत असे मला वाटू लागले. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जावे असे एका वर्गमैत्रिणीने सुचवले आणि ती स्वतः सोबत आली. तिथल्या बाईंनी सांगितले, की रोज दुपारी बारा ते एक बाहेर चालायचेच, ढग असोत वा पाऊस. त्या एका तासाने मला सावरले.

दुसरा आधार कुठून मिळेल याची मला कल्पना नव्हती. आमचे घर गुरुद्वाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आम्ही शीख नाही, पण लहानपणी परीक्षेच्या दिवशी सचखंडला माथा टेकूनच शाळेत जात असू. बर्लिनमध्येही गुरुद्वारा आहे, हे कळल्यावर मी एका रविवारी गेले. लंगरची दाळ पानात पडली, तिचा वास आला, आणि मला रडू आवरेना. शेजारच्या मावशींनी विचारले, “कुठली गं तू?” मी “नांदेड” म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि “हजूर साहिब” म्हणाल्या. त्यानंतर दर रविवारी मी पोळ्या लाटायला जात असे.

धाराशिव, हिवाळी सत्र २०१९

१७ सप्टेंबरला गावात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करून मी निघालो आणि ३ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये जर्मन एकीकरणाच्या दिवसाची सुट्टी अनुभवली. माझे पणजोबा रझाकारांच्या काळात कुटुंब घेऊन बार्शीला गेले होते, कारण बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर होती. बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट, पण पलीकडे दुसरे राज्य, हे आजोबा नेहमी सांगत.

मी ज्यांच्याकडे खोली घेतली त्या आजीबाई पूर्व बर्लिनमध्ये वाढलेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांची मावशी चार गल्ल्या पलीकडे, पश्चिमेत राहत होती. ९ नोव्हेंबर २०१९ ला भिंत पडल्याला ३० वर्षे झाली. त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेले. जिथे भिंत होती तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवलेली आहे. त्यांनी मला त्या ओळीच्या अलीकडे उभे केले, स्वतः पलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, “मावशीचे घर इथून दिसायचे.” मी त्यांना बार्शीची गोष्ट सांगितली. मोडक्या जर्मनमध्ये ती सांगायला मला जवळजवळ एक तास लागला, आणि त्यांनी मध्ये एकदाही घाई केली नाही.

जालना, हिवाळी सत्र २०२३

जाण्याआधी विषयांच्या करारावर दोन्ही विद्यापीठांच्या सह्या घ्या आणि तिथे विषय बदलला तर त्याच आठवड्यात पुन्हा सही घ्या. माझा एक विषय परत आल्यावर सहा क्रेडिटसह नाकारला गेला, कारण बदल मी फक्त तोंडी कळवला होता. घरच्यांना गुणांची रीतही आधी समजावून ठेवा. तिथे १.० सर्वांत उत्तम आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण धरतात. मला १.३ मिळाले हे ऐकून वडील दोन दिवस गप्प होते.

निघताना पाच लिटरचा कुकर मी वसतिगृहातच एका मुलीकडे ठेवून आले. तो मला माझ्या आधीच्या सत्रातल्या मुलाने दिला होता आणि त्याला त्याच्या आधीच्याने. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, तेव्हा त्यात शिट्टी होऊ देऊ नये. त्याचे रबर झिजले आहे आणि त्या मापाचे तिथे मिळत नाही, तेव्हा येत्या ऑक्टोबरात जो कोणी जाणार असेल त्याने इथून एक नवे घेऊन जावे.