मदत हवी आहे: सोमवारी मेंदूतील गाठीचे ऑपरेशन, आईची दृष्टी कशी जपतात?

सांजवेळ: आईच्या मेंदूतील गाठ सोमवारी नाकावाटे दुर्बिणीने काढणार आहेत. तिला आधीच कमी दिसते, त्यामुळे उरलेली दृष्टी जाऊ नये म्हणून कोणती काळजी घेतात, हे कृपया लवकर सांगावे.

दृष्टिक्षेप: गाठ नेमकी कोणती, केवढी, आणि कमी दिसते म्हणजे कसे दिसते? पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, झाली आहे का?

मावळतीकर: माझ्या यजमानांच्या ऑपरेशनमध्ये बंद पापण्यांवर प्रकाश लुकलुकवून डोक्याच्या मागच्या भागातील विद्युतलहरी मोजत होते आणि लहरी मंदावल्या की सर्जन थांबत. ही सोय नसेल तर रुग्णालयच बदला, असे मी कळकळीने सांगेन.

दृष्टिक्षेप: ताई, हा सल्ला टोकाचा आहे. भुलीच्या वायूनेही त्या लहरी क्षीण होतात, म्हणून शिरेतून भूल द्यावी लागते आणि तरीही यंत्र चकवू शकते. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात, त्या कायझ्माला खालून रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या जपणारा अनुभवी हात त्याहून महत्त्वाचा.

डोंगरवाट: माझ्या भावाला जागे ठेवून ऑपरेशन केले होते, तसे विचारून पाहा.

दृष्टिक्षेप: ते कवटी उघडून काढायच्या काही गाठींसाठी असते, नाकावाटे होणाऱ्या ऑपरेशनसाठी नाही.

सांजवेळ: घाईत लिहायचे राहिले. गाठ पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, 28 मिमीची आहे. आईला दोन्ही कडांचे दिसत नाही, दारातून जाताना खांदा आपटतो. पेरिमेट्री झालेली नाही. रक्तातील प्रोलॅक्टिन हे त्या ग्रंथीचे संप्रेरकही तपासायचे असते का?

दृष्टिक्षेप: हो, आणि ते ऑपरेशनच्या आधीच. प्रोलॅक्टिन खूप वाढलेले असेल तर अशी गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते आणि पुष्कळदा ऑपरेशन टळते. ते न वाढता कायझ्मा दाबला जात असेल, तर मात्र विलंब नको. पेरिमेट्रीबरोबर ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे स्कॅनही करून घ्या. त्यात डोळ्याच्या पडद्यावरील तंतूंचा थर फारसा पातळ झालेला नसेल, तर दृष्टी परतण्याची आशा अधिक असते.

सांजवेळ: आभारी आहे, उद्या सकाळीच डॉक्टरांना विचारते. ऑपरेशननंतर आम्ही काय पाहायचे?

मावळतीकर: यंत्राबद्दल माझे मत कायम आहे, पण हे नक्की करा: शुद्ध आल्यावर एकेक डोळा झाकून बोटे मोजायला सांगा. पहिल्या रात्री परिचारिका आणि मी हे वारंवार करत होतो. आधी दिसणारी बोटे दिसेनाशी झाली, तर आत रक्त साचून दाब आलेला असू शकतो, म्हणून सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना उठवा.