प्रति: व्हेरिसेस म्हणजे लिव्हरच खराब?
अन्ननलिकेत शिरा फुगल्या (यालाच व्हेरिसेस म्हणतात) म्हणजे लिव्हर गेलंच असं वर लिहिलंय, बहुतेक वेळा खरंय, पण नेहमी नाही. माझ्या वडिलांचं लिव्हर ठणठणीत होतं, डायलिसिसच्या कॅथेटरमुळे छातीतली मोठी शीर, सुपिरियर व्हेना कावा, अरुंद झाली आणि अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या शिरांतून खाली वाट काढायला लागलं. सकाळी चेहरा सुजलेला, शर्टाचं वरचं बटण लागेना, छातीवर निळ्या शिरा, आणि आम्ही ते किडनीमुळे साठलेलं पाणी समजत राहिलो!

यात प्रोप्रानोलॉलने (लिव्हरमुळे झालेल्या व्हेरिसेसमध्ये देतात ते औषध) फरक पडत नाही कारण पोर्टल प्रेशर, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब, वाढलेलंच नसतं, रक्तस्राव झाला तर बँडिंग करतात, म्हणजे फुगलेल्या शिरेला रबरबँड लावून ती बांधतात, पण ते तात्पुरतं, खरा इलाज म्हणजे बलून किंवा स्टेंटने ती शीर उघडणं. एंडोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये शिरा फक्त अन्ननलिकेच्या वरच्या भागात दिसल्या तर छातीच्या सीटीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.