विषय: जुनं डबल-वाइड, प्रोपेनची टाकी आणि सनसेटची सुनावणी

प्रेषक: सोनाली (पेअरलँड)

नमस्कार मंडळी,

आम्ही इथे टेक्ससमध्ये अँगलटनच्या पुढे थोडी जमीन घेतली आहे. तिथे एक जुनं मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात बांधून रस्त्याने आणतात तसलं घर, आणून ठेवावं असा विचार आहे. सासू-सासरे पुण्याहून सहा महिने येतात, त्यांना आमच्या घरातला जिना चढवत नाही. २००८ चं एक डबल-वाइड (दोन भाग जोडून होणारं घर) उत्तरेकडच्या एका काउंटीत (जिल्ह्यात) मिळतंय, भाव चांगला आहे. नैसर्गिक वायूची लाइन तिकडे नाही, म्हणजे टाकीतला प्रोपेन गॅस आलाच.

विकणारा म्हणतो, "कागदपत्रं नंतर होतात, आधी घर उचला." शिवाय ऑफिसात कोणीतरी सांगितलं की आमदार हे सगळे सरकारी विभाग तपासतात, नियम बदलतात, कधी विभागच बंद करतात, त्याला सनसेट म्हणतात. माझा नवरा म्हणतो, मग थांबायचं कशाला? कोणाला काही माहिती आहे का?

सोनाली

प्रेषक: माधव (केटी)

सोनाली,

थांब. घर उचलू नकोस.

आधी तुझ्या घराचं बोलतो. अँगलटन ब्राझोरिया काउंटीत येतं. केंद्र सरकारच्या हड (गृहनिर्माण) खात्याने वाऱ्याप्रमाणे देशाचे तीन पट्टे केले आहेत. पहिल्या पट्ट्यातलं घर ताशी ७० मैलांच्या वाऱ्याचा हिशेब धरून बांधतात, दुसऱ्यातलं १०० आणि तिसऱ्यातलं ११०. १९९२ साली अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडात अशा घरांची पार दैना केली, त्यानंतर १९९४ मध्ये हे नियम कडक झाले. आपल्याकडे गॅल्व्हेस्टन, ब्राझोरिया, मॅटागोर्डा असे किनाऱ्याचे काउंटी दुसऱ्या पट्ट्यात आहेत. उत्तरेकडचं घर बहुधा पहिल्या पट्ट्यासाठी बांधलेलं असणार. २००८ चं तसलं घर राहण्यासाठी म्हणून ब्राझोरियात बसवता येत नाही. विकणारा हे सांगणार नाही, कारण घर त्याच्या आवारातून बाहेर पडलं की त्याचं काम संपलं.

हे तुला स्वतः बघता येतं. बाहेर, प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला, रिव्हेटने ठोकलेली लाल धातूची पट्टी असते, साधारण दोन इंच बाय चार इंच. डबल-वाइडला दोन भाग, म्हणून दोन पट्ट्या हव्यात. पट्टी हरवली तर हड नवी देत नाही, फक्त पडताळणीचं पत्र मिळवता येतं. घराच्या आत एक छापील कागद चिकटवलेला असतो, त्याला डेटा प्लेट म्हणतात. स्वयंपाकघरातल्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात बघ. त्यावर नकाशा असतो आणि घर कुठल्या पट्ट्यासाठी बांधलंय ते लिहिलेलं असतं. १५ जून १९७६ पासून कारखान्यात बांधलेल्या प्रत्येक घराला पट्टी आणि डेटा प्लेट असायला हवी.

आता सनसेटचं. टेक्ससमध्ये १९७७ पासून हा कायदा आहे. बहुतेक सरकारी विभागांना मुदत असते, साधारण बारा वर्षांची. मुदत संपत आली की सनसेट कमिशन त्या विभागाची तपासणी करतं. कमिशनवर बारा जण: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि दोन सामान्य नागरिक. कर्मचारी अहवाल काढतात, जाहीर सुनावणी होते, मग विधिमंडळात विधेयक येतं. विधेयक पास झालं नाही तर विभाग आवरता घ्यावा लागतो. पण असं एका रात्रीत काही बंद होत नाही. घाई करायला हे कारण नाही.

तुझ्या घराशी दोन खात्यांचा संबंध येतो. घराचं काम टीडीएचसीए या राज्याच्या गृहनिर्माण खात्यातला मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभाग बघतो. त्याचं बोर्ड वेगळं आहे. प्रोपेन मात्र रेलरोड कमिशनकडे. नावावर जाऊ नकोस, ते १८९१ साली रेल्वेसाठी निघालं, आता रेल्वेचं काम त्यांच्याकडे उरलेलंच नाही, तेल आणि वायू आहे. नाव बदला असं सनसेटवाल्यांनीच सुचवलं होतं, ते झालं नाही. २०११ आणि २०१३ मध्ये या रेलरोड कमिशनची सनसेट विधेयकं पडली, शेवटी २०१७ मध्ये २०२९ पर्यंतची मुदत मिळाली.

म्हणजे घर एका खात्याचं आणि चुलीतली आग दुसऱ्या खात्याची. मला काळजी वाटते ती या दोघांच्या मधल्या जागेची.

माधव

प्रेषक: निखिल (ऑस्टिन)

काका, माहितीबद्दल धन्यवाद. एक मत मात्र मांडतो. या राज्यात कष्टकरी माणसाला परवडणारं नवं घर उरलंय ते हेच. प्रत्येक परवान्याचा, प्रत्येक तपासणीचा खर्च शेवटी घर घेणाऱ्याच्या खिशातून जातो. घराखाली लोखंडी चासी (ज्यावर घर ओढून आणतात तो सांगाडा) कायमची ठेवायचीच, हा १९७४ च्या कायद्यातला हट्ट इतकी वर्षं खर्च वाढवत आला. बरीच शहरं तर अशी घरं हद्दीत घ्यायला नकार देत आली. आमदार चाळणी लावत असतील तर लावू दे. प्रोपेनवाल्यांमध्ये स्पर्धा असेल तर वाईट धंदा आपोआप मागे पडेल.

निखिल

प्रेषक: अनघा (ड्रिपिंग स्प्रिंग्जजवळ)

निखिल, माझ्या घरचं सांगते.

फेब्रुवारी २०२१ चा गारठा आठवतो ना? आम्ही तेव्हा अशाच घरात राहत होतो, पक्कं घर बांधून होईपर्यंत. दुसऱ्या रात्री टाकी रिकामी झाली. प्रोपेनचा ट्रक पाच दिवसांनी आला. आम्ही मैत्रिणीकडे होतो. ड्रायव्हरने टाकी भरली, झडप उघडी ठेवली, पावती दाराच्या फटीत खोचली आणि गेला. रिकामी टाकी भरल्यावर गळती तपासल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नसतो, हे मला नंतर कळलं. तो बिचारा चार रात्री झोपलेला नसेल, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला तपासणीसाठी वेळ न देणाऱ्यांवर आहे.

संध्याकाळी आम्ही परतलो. सासूबाई डबा काढायला खालच्या कपाटाशी वाकल्या आणि तिथेच थांबल्या. "अनघा, गॅस." मला उभ्याने काहीच येत नव्हता. त्यांनी डोंबिवलीत सिलेंडरवर चाळीस वर्षं संसार केलेला, तो वास त्या झोपेतही ओळखतील. दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही त्यांनी. आम्ही होतो तसे बाहेर पडलो, ह्यांनी टाकीची झडप बंद केली आणि रस्त्यावर जाऊन फोन केला. वॉटर हीटरजवळचा एक सांधा थंडीत सुटला होता. घराखाली, पोकळी झाकणाऱ्या स्कर्टिंगच्या आत, किती साठलं होतं देव जाणे.

तिथे स्पर्धा काय करणार होती, निखिल? त्या आठवड्यात गॅस देईल तो देव होता.

अनघा

प्रेषक: माधव (केटी)

अनघाताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. म्हणून वास खाली आला आणि वाकलेल्या माणसालाच आला. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, तो मर्कॅप्टन नावाचं वासाचं रसायन घालून आणतात, आपल्या घरच्या सिलेंडरमध्ये घालतात तसाच. हा वास घालायची सक्ती या राज्यात कशी आली ते निखिलने जरूर वाचावं.

१८ मार्च १९३७. पूर्व टेक्ससमधलं न्यू लंडन. तेलाच्या पैशावर उभी राहिलेली श्रीमंत शाळा. तरीही बिल वाचवायला मीटरची लाइन सोडून तेल कंपनीच्या उरलेल्या वायूच्या नळीला जोड घेतला होता. वायूला वास नव्हता. तो जमिनीखालच्या पोकळीत साठत गेला. शाळा सुटायच्या सुमारास लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू झालं आणि ठिणगी पडली. सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. काही आठवड्यांत विधिमंडळाने वायूला वास घालण्याचा कायदा केला, आणि त्याचे नियम रेलरोड कमिशनकडे आले. मी तिथलं स्मारक पाहिलं आहे. तिथून परत ह्यूस्टनपर्यंत गाडीत आम्ही कोणी बोललो नाही.

तिथेही वायू साठला तो जमिनीखालच्या पोकळीत. सोनाली, तुझ्या डबल-वाइडखालीही तशीच पोकळी असते, चारी बाजूंनी स्कर्टिंग लावलेली.

निखिल, चासीबद्दल तू बरोबर आहेस. शहरांबद्दल तर शंभर टक्के. असले नियम काढून टाका असं आपण सगळ्यांनी मिळून लिहू. पण घराला वाऱ्यात जमिनीशी धरून ठेवणारे अँकर आणि बांधायचे पट्टे, आणि गॅस सुरू करण्याआधीची गळतीची चाचणी, या दोन गोष्टी त्या गाठोड्यात बांधू नकोस. भट्टी आणि शेगडी नैसर्गिक वायूसाठी बसवून आली असेल तर प्रोपेनसाठी आतले भाग बदलावे लागतात. ते कोणी बदललं, कोणी तपासलं, असं विचारलं की घर लावणारा प्रोपेनवाल्याकडे बोट दाखवतो आणि प्रोपेनवाला घर लावणाऱ्याकडे. मी तीस वर्षं रिफायनरीत सुरक्षेचं काम केलं. अपघात बहुतेक वेळा अशाच हद्दीवर झालेले पाहिले, जिथे दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने बघितलं असेल.

सनसेटच्या सुनावणीत हेच सांगायला हवं. तिथे कोणीही जाऊन बोलू शकतं, लेखीही देता येतं. धंदेवाले वकील घेऊन येतात, घरात राहणारं माणूस क्वचितच दिसतं. अनघाताई, तुमची मेल इंग्रजीत करायला मी बसतो. तारखा आणि पावती जपून ठेवा. ज्या विभागाची पाळी लागेल त्याच्याकडे आपलं पत्र तयार असेल.

माधव

प्रेषक: सोनाली (पेअरलँड)

काल आम्ही जाऊन आलो. बाहेर लाल पट्टी एकाच भागाला आहे, दुसऱ्यावर रिव्हेटची चार भोकं. डेटा प्लेट बेडरूमच्या कपाटात सापडली, अर्धी रंगवून टाकलेली. नवऱ्याने फोनचा दिवा तिरका धरला तेव्हा वाचता आलं: वाऱ्याचा पट्टा पहिला.

विकणाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. किनाऱ्यासाठी बांधलेलं एक घर फ्रीपोर्टकडे आहे असं कळलंय. काका, पुढच्या शनिवारी याल का बघायला? आणि अनघाताई, तुमच्या पत्राखाली माझीही सही घ्या.

सोनाली