जेरुसलेमची पश्चिम भिंत: मंदिर नसताना प्रार्थना कशाची?

प्रश्न: ज्या मंदिराची ही भिंत होती ते मंदिर इ.स. ७० मध्येच रोमनांनी उद्ध्वस्त केले, तरीही ज्यू भाविक तिथे शतकानुशतके प्रार्थना करत आले, यामागची परंपरा कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १: प्रथम एक दुरुस्ती करतो. ही मंदिराची भिंत नसून, हेरोद राजाने मंदिराची टेकडी विस्तारताना बांधायला घेतलेल्या प्रचंड चौथऱ्याची आधारभिंत आहे. धर्मदृष्ट्या सर्वांत पवित्र ती टेकडीच. पण शुद्धीच्या नियमांमुळे अनेक श्रद्धावान ज्यू तिच्यावर पाऊल ठेवत नाहीत, आणि म्हणून प्रार्थना भिंतीपाशी होते.

उत्तर २: मी तिथे गेलो आहे. खालच्या चिऱ्यांच्या कडा चारही बाजूंनी तासलेल्या आहेत आणि फटींत प्रार्थना लिहून घडी घातलेल्या चिठ्ठ्या दाटीवाटीने खोचलेल्या असतात. या चिठ्ठ्या टाकून देत नाहीत, ऑलिव्ह पर्वतावर पुरतात. ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे दोन्ही मंदिरांच्या (हे इ.स. ७० मध्ये पडलेले आणि त्याआधी तिथेच असलेले पहिले) विध्वंसाच्या स्मृतिदिनी, लोक उपास करून जमिनीवर बसतात व विलापगीते वाचतात.

उत्तर ३: १९४८ ते १९६७ या काळात, ही भिंत ज्यात आहे ते जेरुसलेमचे जुने शहर जॉर्डनच्या ताब्यात असताना, ज्यूंना तिथे जाताच येत नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. त्याचबरोबर आजचे विस्तीर्ण पटांगण १९६७ मध्ये भिंतीसमोरची मोरोक्कन वस्ती पाडून झाले, आणि तिथल्या कुटुंबांची घरे गेली, हे विसरणे मला योग्य वाटत नाही.