बूट होतानाचे संदेश झाकायचे कशाला?

कन्सोलप्रेमी: लिनक्समधलं उबुंटू घ्या नाहीतर मिंट, कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) बूट होताना मिळणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' (संदेश कमी, वर लोगो) आधीच लिहून येतं. सगळं सुरळीत असताना लोगो छान दिसतो, मान्य. पण रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा सिस्टिमचा भाग, माउंट होण्याआधीच मशीन अडलं तर? लॉग डिस्कवर पोचलेलाच नसतो, मग नंतर लॉग दाखवणारं 'जर्नलसीटीएल' कितीही चाळा. पडद्यावर उमटतं तेवढाच पुरावा, आणि नेमका तोच झाकायचा! दोन्ही शब्द डिफॉल्टमधून काढून टाकावेत.

रविवारचा रूट: असहमत. 'क्वाएट'ने फक्त लॉगलेव्हल, म्हणजे किती गंभीर संदेश छापायचे ती पातळी, 4 वर येते. एरर आणि त्याहून गंभीर संदेश तरीही छापले जातात. ज्याचं अडलंय त्याने ग्रबमध्ये (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या मेनूत) 'ई' दाबावं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतून ते शब्द खोडावेत, कंट्रोल-एक्स दाबावं. बदल त्या बूटपुरताच राहतो. आमच्या बाबांना एकदा 'एसीपीआय एरर' (पॉवर व्यवस्थापनाची) दिसली की लगेच फोन. मशीन ठणठणीत!

कन्सोलप्रेमी: ग्रब दिसला तर ना 'ई' दाबणार? मेनूही लपवलेलाच. मशीनचं फर्मवेअर जुनं बायोस असेल तर शिफ्ट धरा, नवं यूईएफआय असेल तर एस्केप, आणि एस्केप जास्त दाबली गेली की थेट ग्रबचा प्रॉम्प्ट. नवख्याने करायचं काय?

जुनी हार्डडिस्क: सगळं खापर स्प्लॅशवर नको. नव्या एसएसडीवर फाइली कॉपी केल्या, पार्टिशनचा ओळख-क्रमांक (यूयूआयडी) बदलला, ग्रबला जुनाच ठाऊक, हा नेहमीचा घोळ घ्या. डेबियन-उबुंटूत इनिट्रामएफएस (रूट पार्टिशन सापडेपर्यंतची तात्पुरती सिस्टिम) साधारण 30 सेकंद वाट बघतं, मग 'अलर्ट! यूयूआयडी डज नॉट एक्झिस्ट' असं सांगून बिझीबॉक्सचं शेल, म्हणजे छोटी कमांड लाइन, उघडून देतं. तिथे डिस्कचे यूयूआयडी दाखवणारं 'ब्लकआयडी' चालवा, कर्नलची ओळ दाखवणारं 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' बघा, आकडे जुळतात का ते ताडा. झालं. स्प्लॅश नडतो तो ग्राफिक्स ड्रायव्हर लटकला की. तेव्हा एरवी स्प्लॅश हटवणारी एस्केपही दाद देत नाही. कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला आवरणारा शब्द) टाकून बघावं लागतं.

रविवारचा रूट: आणि आता कर्नल 6.10 पासून डीआरएम पॅनिक (कर्नल कोसळला, म्हणजे पॅनिक झाला, की पडद्यावर संदेश दाखवणारी सोय) आलंय, 6.12 पासून त्यात क्यूआर कोडही. मोबाइलने स्कॅन करा की!

कन्सोलप्रेमी: पॅनिक झालं तर! लटकलेलं मशीन पॅनिकही करत नाही, ढिम्म बसून राहतं. बरं, तडजोड: स्प्लॅश ठेवा, पण '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये टाइमआउट स्टाइल 'हिडन' नको, 'मेनू' हवी. तीन सेकंद.

रविवारचा रूट: तीन सेकंदांत बाबा नक्की काहीतरी दाबणार. तरी चालेल.