सावंतवाडीत निवास-न्याहारी आहे, स्थानिक कलाकारांचं काम ठेवायचंय, पैशांचं कसं ठरवू?

ओसरीवरची:
नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमचं जुनं घर आहे, त्यातल्या तीन खोल्या निवास-न्याहारीला देतो. सकाळी घावणे-चटणी आणि चहा, जेवण आगाऊ सांगितलं तरच. मोपा विमानतळ झाल्यापासून गोव्याला जाणारी माणसं एखादी रात्र थांबतात पण मोती तलाव बघितला, चितारआळीतून लाकडी फळांची टोपली घेतली की निघाली. भिंतीवरची छापील पोस्टरं काढून गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते), लाखकाम (लाकडावरचं लाखेचं रंगकाम), पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) असं काही लावायचं मनात आहे, कोणाला आवडलं तर विकत पण घेता येईल. वस्तू विकली गेल्यावर पैसे द्यायचे की आधीच विकत घ्यायची? आणि पाहुण्यांसमोर कार्यक्रम ठेवला तर मानधन किती? आमचे हे म्हणतात कलाकारांची फुकटात जाहिरात होतेय, येतील की. मला नाही पटत.

लाख_आणि_रंग:
ताई, पटत नाही ते बरोबरच आहे. आमच्या घरात हेच काम चालतं म्हणून स्पष्ट बोलतो. विकलं की पैसे म्हणजे माल आमचा, पैसे अडकले आमचे आणि पावसात बुरशी धरली तर नुकसानही आमचंच. एका रिसॉर्टवाल्याने असाच माल ठेवून घेतला आणि सीझन संपल्यावर टवके उडालेला परत दिला. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, एकेक हाताने रंगवायचा, आणि वर म्हणायचं ठेवून जा, बघू. थोडंच घ्या पण रोख घ्या. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागिरांना बसून काम करायला जागा दिली, हाताला काम दिलं, म्हणून गंजिफा टिकली. जाहिरातीने नाही टिकली.

कुडाळचो_झील:
कार्यक्रम घरात ठेवच नुको. पावण्यांका पिंगुळीक धाडा, थंय गुढीपूरला ठाकर आदिवासी कला आंगण आसा, गोठ्यात म्युझियम केलेला. परशुराम गंगावणेंका 2021 त पद्मश्री गावली ती ह्याच कामासाठी. चित्रकथी, कळसूत्री बाहुले, चामड्याचे बाहुले, सगळा थंयच बघूक गावता आणि पैसे सरळ त्यांच्या हातात जातत. आणि दशावताराचा नाटक बघूचा तर जत्रेत. तो दहीकालो रात्री उशिरा सुरू होता तो पहाटेपर्यंत चलता, त्याचो अर्ध्या तासाचो तुकडो अंगणात कित्याक व्हयो?

हिशेबी_माणूस:
रोख घ्या म्हणणं सोपं आहे हो, तीन खोल्यांच्या धंद्यात किती पैसे गुंतवणार, पावसाळ्यात तर खोल्या रिकाम्याच असतात. मी म्हणेन भिंतीवर जे लावणार तेवढं विकत घ्या, ते घराचं सामान समजा. बाकी ऑर्डर घ्या, पाहुण्याकडून अर्धे पैसे आधी घेऊन त्याच दिवशी कारागिराला पाठवा, वस्तू झाली की कुरियर. स्वतःचं कमिशन लावायचं तर कारागिराला सांगून लावा. आणि प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं नाव लिहा (त्यांना विचारून), 'लोकल आर्ट' म्हणून मोकळं होऊ नका.

पुण्याची_पाहुणी:
मला विचाराल तर भिंतीपेक्षा ओसरीवर खेळायचा एक संच ठेवा. गंजिफा सगळे काचेत बघतात, खेळता कोणालाच येत नाही. तिघं लागतात, संध्याकाळी पाऊस असेल तर माणसं आपोआप बसतील. नियम सोप्या मराठीत लिहून शेजारी ठेवा.

ओसरीवरची:
हे आवडलं! ऑर्डरचं पण जमेल, यांना हिशेब करून दाखवते. खेळायला मुघल गंजिफा घेऊ का मग, 96 च पत्ते असतात ना, सोपी पडेल?

लाख_आणि_रंग:
आठच रंग (पत्त्यांचे गट) असतात हे खरं, पण पाहुण्यांना ते ओळखीचे नसतात. मत्स्य, कूर्म, वराह लहान पोरं पण ओळखतात, दशावतारीच घ्या. फक्त आत्ता सांगाल तर लगेच मिळणार नाही, थांबायची तयारी ठेवा.