मदत हवी आहे: नर्सिंगमधून आरोग्य संशोधनात कसं जायचं?

पावरी_पोरगी
धडगाव तालुक्यात नर्स आहे, आठ वर्षं झाली. आता संशोधनात जायचंय. अर्जाची मुदत जवळ आलीय, जमेल की नाही ते लवकर सांगा. सर्व्हेवाले येतात, त्यांना पाड्यावर मीच नेते, प्रश्न आमच्या पावरी बोलीत मीच विचारते. परवा एका फॉर्मात होतं, 'गेल्या महिन्यात किती दिवस थकवा आला?' बाई हसायलाच लागली. म्हणे, डोंगर चढून पाणी आणते, मोजू कशाला? आता शून्य लिहू की तीस? असले प्रश्न मला स्वतः लिहायचेत.

नाव_नको
कसला अर्ज? नर्सिंगचं काय केलंय, एएनएम, जीएनएम की बीएस्सी? पर्मनंट की कंत्राटी?

ठाणेकर७१
ताई, जर्मन शिका, बी२ पातळी झाली की तिकडे नर्सेसना मागणी आहे. माझी मेहुणी गेली.

पावरी_पोरगी
जर्मनी नको हो दादा. जीएनएम, कंत्राटी. अर्ज टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) एमपीएचचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा.

नाव_नको
मग हे आधी सांगायचं ना! जीएनएम डिप्लोमा आहे, एमपीएचला पदवी लागते. आधी पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षं. मग एमपीएच, आणखी दोन.

वैरागडकर
पदवीच्या मागे कशाला लागता? गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, बालमृत्यू कमी झाले, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कुठली पदवी होती त्या बायकांकडे?

नाव_नको
आणि निबंधावर लेखक म्हणून नाव कुणाचं, डॉक्टरांचं की त्या बायकांचं? ताईंना नेमकं तेच हवंय.

वैरागडकर
तुम्हाला सगळीकडे राजकारणच दिसतं.

सिकलसेल_मित्र
ताई, विषय मात्र तुमच्या हातात आहे. सिकलसेलची, म्हणजे त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, सोल्युबिलिटी टेस्ट करता ना? नळीमागच्या रेघा दिसल्या नाहीत की पॉझिटिव्ह, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी. पुढे पॉझिटिव्ह आलेल्या पोरीच्या लग्नाचं काय होतं, हे कोण लिहितं?

ठाणेकर७१
जात पडताळणी झालीय का? आमच्या ऑफिसातल्या एकाची चार वर्षं रखडली होती.

नाव_नको
धागा भरकटतोय.

पावरी_पोरगी
पडताळणी केव्हाच झाली. मुक्त विद्यापीठातून बीए केलंय २०१९ ला, ते सांगायचं राहिलं. ती पदवी धरतात का?

नाव_नको
बाई गं! माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान उघडा आणि आजच अर्ज भरा.